धाकटीच्या हयातीचा दाखला

माणूस जिवंत आहे की नाही हे ठरवायचा मला बावीस वर्षांचा अनुभव आहे. मी डॉक्टर नाही. मी पेन्शन कचेरीत खिडकी क्रमांक चारवर बसतो. निवृत्त माणसाने दरवर्षी माझ्या खिडकीत हयातीचा दाखला आणून द्यायचा, त्यावर अधिकाऱ्याची सही आणि गोल शिक्का हवा, मग मी त्याला पुढच्या वर्षभरासाठी जिवंत धरतो. काही लोक कागद न आणता नुसतेच येतात आणि म्हणतात, "अहो, मी समोर उभा आहे की." त्यांना मी शांतपणे सांगतो, "तुम्ही आहात हे मला दिसतंय आजोबा, कागदाला दिसत नाही." हे वाक्य मी घरी जेवताना मोठ्या कौतुकाने सांगत असे. सासूबाईही हसायच्या. हसता हसता त्या ते पाठ करत होत्या, हे मला फार उशिरा कळलं.

सासूबाई आमच्याकडे आल्या होत्या त्या डोळ्यांसाठी. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आणि उजवा तर इतका पिकलेला की डॉक्टरांनी बॅटरी मारून बघितलं आणि माझ्याकडे वळून मलाच रागावले. "इतके दिवस काय करत होता? डोळ्यातला दाब वाढायला लागलाय. येता सोडून त्याच्या पुढच्या गुरुवारी ऑपरेशन. तो गुरुवार चुकला तर या डोळ्याची खात्री मी देणार नाही." वास्तविक इतके दिवस त्या त्यांच्या घरी होत्या आणि मी माझ्या खिडकीत होतो. पण डॉक्टरांपुढे जावयाने बोलायचं नसतं, म्हणून मी मान खाली घातली.

तेव्हा युद्ध सुरू होऊन आठ दिवस झाले होते. आमचं गाव सरहद्दीपासून इतकं लांब की युद्ध आमच्यापर्यंत फक्त टीव्हीतून यायचं. सासूबाईंनी आपली खुर्ची टीव्हीपासून दोन हातांवर ओढून घेतली होती. पडद्यावर त्यांना नुसतं लाल-पिवळं काहीतरी हलताना दिसे. बाकी सगळं युद्ध त्या कानांनी बघत होत्या. आणि ते त्यांना बघायलाच हवं होतं, कारण त्यांची धाकटी मुलगी, म्हणजे माझी मेहुणी, सरहद्दीजवळच्या एका गावात पोस्टात नोकरीला आहे. एकटीच राहते.

सोमवारी सकाळी नऊ वाजता टीव्हीवरच्या निवेदकाने ते गाव भुईसपाट केलं. अक्षरशः तोच शब्द वापरला. मी दाढी करत होतो, तसाच फेसासकट बाहेर आलो. बायकोने फोन लावला, आमच्या घरी तो नेहमी स्पीकरवरच असतो. तिसऱ्या घंटीला धाकटीने उचलला.

"ताई, काउंटरवर आहे गं, रांग लागलीय."

"अगं, तुमचं गाव भुईसपाट झालं म्हणून सांगतायत."

"कुणाचं? थांब हं. अहो काका, पाकिटावर पत्ता नीट लिहा, हे काय वाचायचं? हां, बोल ताई."

"बरी आहेस ना?"

"बरी आहे. आईला सांग काही झालेलं नाही. संध्याकाळी करते फोन."

मला वाटलं, विषय संपला. मी दाढी पुरी करायला आत गेलो. बाहेर आलो तर सासूबाई डोळे पुसत होत्या.

"ऐकलंत ना?" त्या म्हणाल्या. "आवाज किती खाली ठेवला होता पोरीने. मला कळू नये म्हणून."

"आई, ती कामावर आहे. लोकांना पाकिटं देतेय."

"आणि तो बिचारा इथे घसा फोडून सांगतोय. घसा बसलाय त्याचा. खोटं बोलणारा माणूस जिवाच्या आकांताने असं ओरडेल का हो?"

आमच्या साहेबांचं मला आठवलं, ते खरं बोलतानाही ओरडतात आणि खोटं बोलतानाही. सासूबाईंनी मांडीवरची शाल नीट केली आणि घरातल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने सांगितलं, "धाकटी कशी आहे हे मला खरंखरं कळल्याशिवाय मी डोळ्याला हात लावू देणार नाही. डोळे उघडून बघू काय, तिचा फोटो भिंतीवर?"

आता अशा वेळी शेजारी नसतील तर माणूस शांतपणे विचार तरी करू शकतो. आमच्या समोरच्या बिऱ्हाडात नकाशेकाका राहतात. युद्ध सुरू झाल्यापासून त्यांनी दिवाणखान्याच्या भिंतीवर मोठा नकाशा लावलाय आणि बातम्या ऐकून ते त्यात टाचण्या टोचतात. वाहिन्यांनी सांगितलं तेवढं आपलं सैन्य पुढे सरकवत गेल्यामुळे त्यांच्या चार टाचण्या सध्या समुद्रात आहेत. ते आले आणि म्हणाले, "तुम्ही चुकीची वाहिनी लावताय. दुसरी लावा." दुसरी लावली. तिच्यावर तेच गाव आपण जिंकून घेतलं होतं. मुळात गाव आपलंच. तिसरी लावली, तिच्यावर चार जण एकाच वेळी भांडत होते आणि त्या गावाचं नाव चौघांनी चार तऱ्हांनी घेतलं. सासूबाई म्हणाल्या, "पहिलीच बरी. तिथे निदान एकच माणूस ओरडतो."

मंगळवारी त्या एकाच माणसाने नवीन सावधगिरीची सूचना दिली. शत्रू म्हणे आता फोनवर ओळखीच्या माणसांचा हुबेहूब आवाज काढतो. कुणी 'मी सुखरूप आहे' म्हणालं तरी विश्वास ठेवू नका, खातरजमा करा. झालं. कालपर्यंत धाकटी फक्त लपवत होती, आता ती धाकटीच आहे की नाही इथपासून सुरुवात. संध्याकाळी फोन वाजला तेव्हा सासूबाईंनी तो स्वतः कानाला लावला आणि परीक्षकाच्या आवाजात विचारलं, "तू माझी धाकटी असशील तर सांग. माझ्या आईने मला दिलेली निळ्या काचेची बरणी तू कशी फोडलीस?"

धाकटी वैतागून म्हणाली, "आई, हे काय मधेच? ती बरणी मी फोडलीच नव्हती. किती वेळा सांगू?"

सासूबाईंनी फोन बंद केला. "ही नव्हे," त्या म्हणाल्या. "माझी धाकटी तेव्हा ढसाढसा रडून कबूल झाली होती. सात वर्षांची होती. ही कुणीतरी दुसरीच बाई आहे."

मी बायकोकडे पाहिलं. "गॅस बंद करून येते," असं म्हणून ती आत गेली. गॅस चालू नव्हता. बावीस वर्षं लोकांच्या सह्या तपासणाऱ्या माणसाच्या नजरेतून ही गोष्ट सुटत नाही, पण बायकोच्या बाबतीत मी चौकशी पुढे नेत नसतो. संसार टिकवायचा तर काही प्रकरणं दप्तरी दाखल करून टाकावी लागतात.

"मग आता तुमचं समाधान कशाने होईल आई?" मी विचारलं.

"तुम्हीच आणा. सही-शिक्क्याचा दाखला. हयातीचा."

"अहो, ती रोज फोनवर बोलतेय."

"बोलत असेल. तुम्हीच म्हणता ना, तुम्ही आहात हे मला दिसतंय, कागदाला दिसत नाही? इथे तर मला पण दिसत नाही."

माझंच वाक्य माझ्याच घरात माझ्यावर उलटवलं गेलं, आणि तेही पदरी एक जास्तीचा मुद्दा बांधून. मी त्या दिवशी जेवलो नाही. म्हणजे जेवलो, पण दुसऱ्यांदा वाढून घेतलं नाही, आणि तेही कुणाच्या लक्षात आलं नाही.

बुधवारी मी कचेरीत साहेबांकडे गेलो. म्हटलं, एक हयातीचा दाखला मागवायचाय, मेहुणीचा. साहेबांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"निवृत्त आहेत का?"

"नाही, नोकरीत आहे."

"मग निवृत्त नसलेल्या माणसाला हयात असायची गरज काय?"

मी त्यांना सगळं सांगितलं. मोतीबिंदू, गुरुवार, डोळ्याचा दाब. साहेबांना वाईट वाटलं, त्यांनी चहा मागवला. पण गावाचं नाव ऐकलं आणि त्यांनी ड्रॉवरमधून एक परिपत्रक काढून माझ्यापुढे ठेवलं. 'सदर गावी निर्माण झालेली परिस्थिती पाहता तेथून येणारे हयातीचे दाखले पुढील आदेशापर्यंत ग्राह्य धरू नयेत.'

"कसली परिस्थिती साहेब?"

"बातम्या बघत नाही का? गाव भुईसपाट झालंय."

"मेहुणी काल फोनवर होती."

"तोंडी," साहेब म्हणाले. "तोंडी चालत नाही हे तर तुम्हीच नव्या लोकांना शिकवता."

"पण हे परिपत्रक काढणाऱ्यांना कुणी कळवलं?"

साहेबांनी बोट वर केलं. वर म्हणजे मुख्य कचेरी. मुख्य कचेरीत माझा एक जुना सहकारी आहे, त्याला फोन केला. तो म्हणाला, आमच्याकडे जेवणाच्या खोलीत टीव्ही आहे ना, त्यावर आलं. म्हणजे एका माणसाने ओरडावं, आमच्या लोकांनी डबा खाता खाता ते ऐकावं, आणि त्या गावचे सगळे पेन्शनवाले एका सहीत संशयित व्हावेत. मला चीड आली. मग एकदम आठवलं की त्या परिपत्रकाची पोच मीच आदल्या दिवशी न वाचता सही करून दिली होती. चीड थोडी कमी करावी लागली.

गुरुवारी मी सरळ धाकटीलाच फोन लावला. तिच्या पोस्टमास्तरांकडून चार ओळी लिहून घे, खाली सही, गोल शिक्का, आणि रजिस्टर पोस्टाने पाठव म्हटलं.

"भावोजी, मी जिवंत आहे असं त्यांच्याकडून लिहून मागू? मला रोज राबवून घेतात ते. त्यांना तशी शंका नाहीये."

"माझ्यासाठी माग गं. आईंचा डोळा जाईल."

ती म्हणाली, "पाठवते."

तो कागद पुढच्या मंगळवारी आला. वास्तविक ते पाकीट आलं यातच सगळं आलं. भुईसपाट गावातून रजिस्टर पोस्ट कसं निघेल? पण असला साधा विचार आमच्या घरात करायचा नाही असं ठरलेलं होतं. मी मोठ्याने वाचून दाखवलं. 'दाखला देण्यात येतो की सदर कर्मचारी हयात असून आज रोजी कामावर हजर आहेत. मात्र बारा मिनिटे उशिरा आल्या.' मला तो दाखला फार आवडला. इतका खरा दाखला माझ्या खिडकीत बावीस वर्षांत आला नव्हता.

सासूबाईंनी कागद हातात घेतला, शिक्क्यावरून बोट फिरवलं. क्षणभर मला वाटलं, जिंकलो.

"तारीख काय आहे?"

"शुक्रवारची."

"आज कोणता वार?"

"मंगळवार."

"वर्षभर जिवंत धरते ती कचेरी, दाखला दिल्या दिवसापुरताच असतो. तुम्हीच म्हणता."

आणि मधल्या रविवारी त्या वाहिनीने तेच गाव पुन्हा एकदा भुईसपाट केलं होतं. मी म्हटलं, "आई, एकदा भुईसपाट झालेलं गाव परत कसं होईल?" त्या म्हणाल्या, "उरलंसुरलं असेल." तेवढ्यात नकाशेकाका भिंग घेऊन आले, कुणीही बोलावलेलं नसताना, आणि बराच वेळ बघून म्हणाले, "शिक्का जरा जास्तच स्पष्ट उमटलाय. खरा शिक्का असा कधी उमटत नाही." दुःखाची गोष्ट म्हणजे हे मला अनुभवाने पटत होतं.

बुधवार उजाडला. उद्या ऑपरेशन. दवाखान्यातून फोन आला की पेशंटला सकाळी सात वाजता आणा. सासूबाई खुर्चीतून हलायला तयार नाहीत, टीव्ही चालूच. माझा तोल गेला. बावीस वर्षं खिडकीत मी कुणावर आवाज चढवला नाही, तो त्या दिवशी चढवला. म्हटलं, "आई, तुमचा डोळा जाईल. त्या ओरडणाऱ्याचं काही जाणार नाही. तो उद्या दुसरं गाव पाडेल. तुम्ही मात्र जन्मभर आंधळ्या बसाल."

"गेला तर गेला डोळा," त्या शांतपणे म्हणाल्या. "पोरगीच नसेल तर मला तरी काय बघायचंय?"

मी बसलो. तेव्हा बायको आतून आली, आईच्या खुर्चीपाशी जमिनीवर बसली आणि तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"आई, ती बरणी मी फोडली होती."

सासूबाईंनी आवाजाच्या दिशेने मान वळवली.

"धाकटी अंगणात खेळत होती. मी फळीवर चढले आणि बरणी पडली. तू आलीस, मी म्हटलं धाकटीने फोडली. तू तिला मारलंस. ती मार खाऊन रडत होती, कबूल होऊन नाही. ती तेव्हाही म्हणत होती, मी नाही फोडली. तू ऐकलं नाहीस आणि मी काही बोलले नाही."

टीव्हीवर कुठला तरी पूल पडत होता. सासूबाई म्हणाल्या, "आवाज कमी करा त्याचा." मी केला.

"म्हणजे त्या दिवशी फोनवर बोलली ती..."

"धाकटीच होती. हे खरं आम्हा दोघींशिवाय जगात कुणाला माहीत नाही. शत्रूला कुठून कळणार?"

सासूबाई हळूच म्हणाल्या, "तीस वर्षं मी हे सगळ्यांना सांगत आले. पाहुण्यांना सांगितलं, शेजारणींना सांगितलं. तिला नोकरी लागली तेव्हा पेढे द्यायला आलेल्यांनाही सांगितलं, हीच ती बरणी फोडणारी म्हणून. ती प्रत्येक वेळी म्हणायची, आई, मी नाही. आणि मी हसायचे, ते कानात शिरूच दिलं नाही." त्यांनी नाक ओढलं. "उद्या किती वाजता जायचंय?"

माझ्या पेशाचा असा अपमान कधी झाला नव्हता. सही नाही, शिक्का नाही, साक्षीदार नाही, नुसता तोंडी जबाब, तोही तीस वर्षं उशिरा, आणि तो ग्राह्य धरला गेला. पण मी हरकत नोंदवली नाही. मी जाऊन रिक्षा सांगून आलो.

ऑपरेशन नीट झालं. शुक्रवारी दुपारी पट्टी निघाली. डॉक्टरांनी बोटं दाखवली, सासूबाईंनी बरोबर मोजली. मग त्यांची नजर माझ्याकडे वळली आणि तिथेच थांबली.

"जावईबापू, केस कुठे गेले तुमचे?"

"दोन वर्षं झाली आई."

"मला कुणी सांगितलं नाही ते." ही बातमी दडवल्याबद्दल त्यांनी बायकोकडे रागाने पाहिलं.

घरी आल्यावर त्या काळा चष्मा लावून आपल्या खुर्चीत बसल्या आणि टीव्ही लावायला सांगितला. डॉक्टरांनी थोडा वेळ चालेल म्हटलं होतं. नकाशेकाकाही डोळ्याची चौकशी करायला येऊन बसले. धाकटीच्याच गावाची बातमी चालू होती, घरं जळत होती, निवेदक ओरडत होता. सासूबाई पडद्याकडे टक लावून बसल्या. म्हटलं, आता परत पहिल्यापासून.

"हा कुत्रा मघाशीही गेला," त्या म्हणाल्या.

"कोणता कुत्रा?"

"पांढरा. मागचा पाय ओढतोय बघा. या जळत्या घरापुढून डावीकडून उजवीकडे जातो. आता तिसऱ्यांदा गेला. परत येताना काही दिसला नाही."

"दुसरा असेल," नकाशेकाका म्हणाले.

"शेपूट तीच आहे." त्या पुढे वाकल्या. "आणि हे छपरावर पांढरं काय आहे? बर्फ आहे का हो? धाकटीच्या गावात कधीपासून पडायला लागला बर्फ?"

गेले दहा दिवस ते छप्पर मीही बघत होतो, बायकोही बघत होती, नकाशेकाका तर टाचणी हातात घेऊन बघत होते. आमच्या तिघांच्या डोळ्यांत काही म्हणजे काही दोष नाही. नकाशेकाकांना घरी काहीतरी काम आठवलं.

मग पडद्यावर निवेदक आला. सासूबाईंनी त्याला नीट निरखलं. "हाच का तो? मला वाटायचं बिचारा घामाघूम होऊन सांगत असेल. याचा तर भांगही मोडलेला नाही." त्यांनी माझ्याकडे हात केला. मी रिमोट दिला, आणि त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतः बटण बघून टीव्ही बंद केला.

"फोन लावून द्या."

धाकटीने लगेच उचलला. "आई, डोळा कसा आहे?"

"दिसतंय. सगळं दिसतंय. धाकटे, बरणी तू फोडली नव्हतीस. कळलं मला. मी तुला उगीच मारलं."

"जाऊ दे गं आई."

"मी नाही जाऊ देणार. तू खरं सांगत होतीस आणि मी ऐकलं नाही. आता ऐकते. सांग, तिकडे काय काय फुटलंय?"

"काही नाही गं, सगळं ठीक आहे. रोज सांगते ना..."

"धाकटे."

आणि मग धाकटी सांगायला लागली. पोस्टाच्या मागच्या सगळ्या खिडक्या फुटल्यात, रांग आता पुढच्या दारात लावतात. शाळेची एक भिंत पडली, सुट्टी होती म्हणून मुलं वाचली. कोपऱ्यावरच्या शिंप्याचा हात गेला. गाव आहे, दुकानं उघडतात, दूध येतं. पण दिवसातून दोनदा भोंगा वाजतो तेव्हा ती काउंटरखाली बसते, आणि पोस्टमास्तर तिच्या शेजारी बसतात. त्या दिवशी बारा मिनिटं उशीर झाला तो भोंग्यामुळेच. सासूबाई मधे मधे नुसतं "हं" म्हणत होत्या. बायकोने तोंडात पदर धरला होता. माझ्या शर्टाच्या खिशात तो दाखला होता, आणि त्यातलं शेवटचं वाक्य मी कचेरीत सगळ्यांना हसत हसत सांगितलं होतं.

"भीती वाटते का गं?" सासूबाईंनी विचारलं.

"वाटते," धाकटी म्हणाली, आणि रडायला लागली.

"हां," सासूबाई म्हणाल्या. "आता ही माझी धाकटी." आणि फोन कानावरून न काढता त्यांनी मला हाताने खूण केली, बाहेर जा आणि जाताना दार ओढून घ्या.